आत्ययिक चिकित्सा, रुग्णवाहिका आणि आपला पदवीधर

२६ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील शासकीय आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वेतनाविषयी जो निर्णय दिला, त्याची चर्चा आपल्या वर्तुळात बहुतांशी वेतनापुरतीच झाली. समान वेतनाचा त्या वैद्यांचा दावा उच्च न्यायालयाने मान्य केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात राहिले. आमच्या मते त्या निर्णयातील खरी बोचणारी गोष्ट वेतनाची नसून कारणमीमांसेची आहे. तातडीच्या प्रसंगी व अपघातग्रस्तांना जी सेवा आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर देऊ शकतात ती आयुर्वेदाचे वैद्य देऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने तेथे नोंदविले आहे. एक शास्त्र दुसऱ्याहून श्रेष्ठ असे आपणास म्हणावयाचे नाही, अशी पुस्तीही न्यायालयाने जोडली आहे. सेवाशर्तींच्या समानतेचा प्रश्न पुढे २०२५ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. त्या पीठाचे मत काहीही असो, आपल्यापुढील प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटणारा नाही.

कारण आपल्याच राज्यात चित्र अगदी निराळे आहे. २०१४ च्या आरंभी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांनी युक्त व ७०४ प्राथमिक जीवनरक्षक साधनांच्या होत्या. २००५ साली हैदराबाद येथून या क्रमांकाच्या सेवेचा प्रारंभ झाला तेव्हा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमण्याची पद्धत स्वीकारली गेली होती. महाराष्ट्राने मात्र गाडीवर डॉक्टर ठेवण्याचे ठरविले आणि त्या डॉक्टरांत मोठा भरणा आयुर्वेद पदवीधरांचा झाला. म्हणजे जे काम आपला वैद्य करू शकत नाही असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, नेमके तेच काम आपली मुलेमुली घाटरस्त्यांवर आणि आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे रात्रंदिवस करीत आली आहेत.

या विसंगतीचा लाभ घेऊन न्यायालयास उत्तर देण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. नीट पाहिले तर दोन्ही बाजूंनी एकच चूक होत आहे. न्यायालयाने पदवी पाहून 'नाही' म्हटले, आणि नेमणूक करणाऱ्यांनी पदवी पाहूनच 'होय' म्हटले. त्या कामाचे शिक्षण कोणी, किती आणि कोठे घेतले, हा मधला प्रश्न दोघांच्याही हिशेबात पुरेसा आलेला नाही. रुग्णवाहिकेवरील काम ही स्वतंत्र विद्या आहे. ती एमबीबीएसच्या पदवीतही आपोआप येत नाही आणि बीएएमएसच्या पदवीतही नाही. ती महाविद्यालयात, पुतळ्यावर, गाडीत आणि रुग्णालयाच्या अपघात विभागात तासांच्या हिशेबाने शिकावी लागते.

ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत १९६६ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल प्रसिद्ध केला, ज्यात अपघाती मृत्यू व अपंगत्व यांना आधुनिक समाजाचा उपेक्षित रोग म्हटले होते. त्या काळी तेथील अनेक गावांत रुग्णवाहिका चालविण्याचे काम अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांकडे असे. कारण साधे होते. माणसाला आडवे निजवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्यांच्याचपाशी असे! पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांच्या गाड्या करीत. रुग्णाला मागे टाकावयाचे आणि दोघांनी पुढे बसून गाडी हाकावयाची, अशी ती पद्धत.

त्याच पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सॅफर हे भूलशास्त्रज्ञ होते. तोंडाने श्वास देण्याची क्रिया आणि छातीवरील दाब यांची सांगड घालून आज सर्वत्र शिकविले जाणारे पुनरुज्जीवनाचे तंत्र रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९६६ साली त्यांची अकरा वर्षांची कन्या दम्याच्या तीव्र झटक्याने गेली. पुढील वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिच्यासाठी निवडलेली माणसे शहरातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील होती. त्यांपैकी कित्येक बेकार होते, काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांना सुमारे ३०० तास शरीररचना, शरीरक्रिया, पुनरुज्जीवन, शुश्रूषा आणि सुरक्षित वाहनचालन शिकविण्यात आले. रुग्णालयाबाहेर रुग्णाचा श्वासमार्ग सांभाळणे, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवणे ही कामे ही माणसे करू लागली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन या त्यांच्या वैद्यकीय संचालिका झाल्या. त्यांनी या शिक्षणाला पाठ्यक्रमाचे रूप दिले आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे पुस्तक पॅरामेडिकच्या विद्यार्थ्यांचे मूळ पाठ्यपुस्तक ठरले. या सेवेचा शेवट मात्र गोड नाही. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली आणि नव्या व्यवस्थेत या अनुभवी माणसांपैकी अनेकांना हळूहळू बाहेरची वाट दाखविली गेली. ज्यांनी विद्या घडविली त्यांच्याच हाती तिचे अधिकृत प्रमाणपत्र राहिले नाही. हा इतिहास आम्ही थोडा विस्ताराने सांगितला, कारण आपल्या १०८ वरील पदवीधरांची स्थिती उद्या तशीच होऊ शकते. त्याविषयी पुढे लिहीत आहोत.

आज अमेरिकेत प्राथमिक तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम साधारण १५० ते १९० तासांचा असतो. बहुधा एखाद्या सार्वजनिक महाविद्यालयात एका सत्रात तो पुरा होतो. पॅरामेडिक होण्यासाठी मात्र १२०० तासांहून अधिक अध्ययन लागते, ज्यात वर्ग, प्रयोगशाळा, रुग्णालयातील विभाग व अनुभवी पॅरामेडिकच्या नजरेखाली प्रत्यक्ष गाडीवरील काम यांचा समावेश असतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी पदवीस्तरीय शिक्षणच आवश्यक ठरले आहे. आपल्याकडे हैदराबादच्या सेवेने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने २००७ पासून दोन वर्षांचा प्रगत अभ्यासक्रम चालविला. पुण्याच्या सिम्बायोसिसने तातडीच्या वैद्यकीय सेवेची पदव्युत्तर पदविका सुरू करून तिची दारे आयुर्वेद पदवीधरांसाठीही उघडी केली, हे आपल्या अनेक वाचकांस ठाऊक असेलच.

या शिक्षणात नेमके काय शिकवितात, असे आपले ज्येष्ठ वैद्य विचारतात. त्यांच्या प्रश्नात थोडा उपहासही असतो. गाडीत बसून रुग्णाला रुग्णालयात पोचविणे यात शिकण्यासारखे ते काय? पहिला पाठ असा की घटनास्थळी पोचल्यावर रुग्णाकडे धावायचे नाही. आधी तुटलेली विजेची तार, गळणारे इंधन, वेगाने येणारी वाहने, जमलेला जमाव यांकडे पाहावयाचे. कारण मदतनीसच पडला तर रुग्ण दोन होतात. त्यानंतरची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. धो-धो वाहणारे रक्त, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्धी, आणि शेवटी अंगावरील कपडे बाजूला करून सर्व शरीर. या क्रमात जीवघेणी गोष्ट दिसली की तेथेच थांबून ती आधी सावरावयाची. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेत मुरलेल्या वैद्याला हे रुचत नाही. त्याला कारण शोधावेसे वाटते, पूर्ववृत्त विचारावेसे वाटते. रस्त्यावर मात्र एका मिनिटात हा मनुष्य आत्ता कशाने मरेल एवढेच ठरवावयाचे असते. हा संस्कार बदलण्यास आपल्या पदवीधरांना सर्वाधिक वेळ लागतो, असे त्यांच्यापैकी अनेकांनी आम्हांस सांगितले आहे.

छातीवरील दाबाचेच उदाहरण घ्या. मिनिटास १०० ते १२० या गतीने, प्रौढाच्या छातीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देऊन, ३० दाबांमागे २ श्वास. हे वाक्य पाठ करण्यास एक मिनिट लागते. ते सलग दोन मिनिटे पुतळ्यावर करून पाहावे, म्हणजे दर दोन मिनिटांनी माणूस का बदलावा लागतो ते कळते. धावत्या गाडीत, वळणावर, एका हाताने दांडी धरून हे बरोबर होत नाही, म्हणून शक्य तेथे जागेवरच करावे, हेही त्या शिक्षणातच समजते. आमच्या परिचयाच्या एका तरुण वैद्याला आम्ही विचारले की तुला या कामात सर्वांत अवघड काय वाटते. शीर शोधणे किंवा नळी घालणे असे काहीतरी उत्तर अपेक्षित होते. तो म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने बेशुद्ध माणसाला मान न हलवता खाली आणणे." साडेपाच वर्षांच्या आपल्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कोणी विचारला होता?

अनेक जखमी एकाच वेळी असतील तेव्हा करावयाची वर्गवारी तर याहून कठीण. त्यासाठी प्रचलित असलेल्या एका पद्धतीत चालू शकणाऱ्या सर्वांना प्रथम बाजूस बोलावतात. त्यांचा रंग हिरवा. उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटास ३० हून अधिक, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागतो, किंवा जो साधी आज्ञा पाळू शकत नाही, तो लाल म्हणजे सर्वांआधी न्यावयाचा. यांपैकी काहीच नसून चालताही न येणारा तो पिवळा. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास येत नाही त्याला काळी पट्टी लावून पुढे जावयाचे. पुढे जावयाचे, हे शिकावे लागते. समोरच्या रुग्णाला सोडू नये हा ज्याचा धर्म, त्या वैद्याच्या हाताला ती काळी पट्टी फार जड होते.

येथे आपल्या शास्त्राचा विचार येणे स्वाभाविक आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात योग्येचा, म्हणजे प्रात्यक्षिक सरावाचा, स्वतंत्र अध्याय सांगितला आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर, वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि बंधनाचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्याच्या अंगप्रत्यंगांवर करावयाचा. शास्त्र पुष्कळ ऐकलेला पण योग्या न केलेला मनुष्य कर्मास अयोग्य, असे ते स्पष्ट म्हणतात. आजच्या प्रशिक्षण केंद्रातील पुतळ्याकडे पाहून आपल्यास परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. मर्मांचे तसेच. १०७ मर्मांपैकी १९ सद्यःप्राणहर आणि अवघी ३ विशल्यघ्न. या तीन ठिकाणी शल्य आत आहे तोवर रुग्ण जगतो, ओढून काढले तर मरतो. रुतलेला चाकू, काच वा गज घटनास्थळी उपसू नये, तो भोवती कापड गुंडाळून जागच्या जागी स्थिर करावा, हा नियम आज प्रत्येक पॅरामेडिकला शिकवितात. आपल्या विद्यार्थ्यास तो नव्याने पटवून द्यावा लागत नाही.

परंतु 'सर्व आमच्या ग्रंथांत आहेच' असे म्हणून टाळ्या घेण्याची जी सवय आपल्या संमेलनांत बोकाळली आहे, तिला आमचा पाठिंबा नाही. ग्रंथ आणि आजची शिकवण जेथे फुटतात तेथेच प्रशिक्षणाची खरी गरज आहे. कल्पस्थानात सर्पदंशाच्या वर चार अंगुळांवर अरिष्टाबंध बांधावयास सांगितला आहे. आज आवळून बांधणे, चिरणे, चोखणे हे सारे वर्ज्य मानले जाते. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर ठेवावा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्वरेने न्यावे, एवढेच करावयाचे. आपल्या भागात मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. जखम दिसत नाही, सूज येत नाही, पहाटे पापण्या मिटू लागतात आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी अंबू बॅगने नीट श्वास देत नेणारा मनुष्य गाडीत असेल तर रुग्ण जिवंत पोचतो. बॅग सर्व गाड्यांत असते. मुखवटा चेहऱ्यावर हवा न गळता बसविणारा हात सरावाने येतो. भाजण्याविषयीही असेच. प्लुष्ट दग्धावर सुश्रुताने अग्नितापन सांगितले आहे, तर आजचा प्रथमोपचार म्हणजे साधारण २० मिनिटे वाहते गार पाणी. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या वैद्याने अशा जागी आजचा नियमच पाळला पाहिजे, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. मतभेदाची चर्चा परिषदेत करावी, रस्त्यावर नव्हे.

आता कायद्याचा भाग. तातडीच्या रुग्णास जीवरक्षक साहाय्य देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, शासकीय असो वा खाजगी, हे १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात ठरले. दुसरीकडे, आपल्या पदवीधरांनी आधुनिक औषधे कितपत वापरावीत हे राज्याने दिलेल्या मुभेवर अवलंबून आहे, असे १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणातून निघते. या दोहोंच्या मधल्या जागेत रुग्णवाहिकेवरील वैद्य उभा असतो. त्याला तेथे आधार देणारी वस्तू म्हणजे लेखी कार्यप्रणाली. पॅरामेडिकची सारी व्यवस्था जगभर याच तत्त्वावर चालते. कोणत्या लक्षणास कोणते औषध, किती मात्रेत, केव्हा दूरध्वनीवर तज्ज्ञास विचारावयाचे, हे आधी लिहून ठेवलेले असते व त्याबाहेर जाता येत नाही. आपला पदवीधर 'मी डॉक्टर आहे' या भावनेने त्या कागदाकडे दुर्लक्ष करतो, असे काही ठिकाणी ऐकू येते. तसे असेल तर ते त्याच्याच हिताचे नाही.

२०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ अर्थात पॅरामेडिक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदलेला आहे. याचा अर्थ असा की एका ठरावीक अभ्यासक्रमाची पदवी घेतलेला, नोंदणीकृत तंत्रज्ञांचा वर्ग देशात उभा राहणार. ही बातमी आपल्या काही सभासदांना धोक्याची वाटते. गाडीवरील जागा आयुर्वेद पदवीधरांसाठीच राखून ठेवावी, अशी मागणी संघटनेने करावी, असाही आग्रह आमच्यापर्यंत आला आहे. आम्ही त्याच्याशी सहमत नाही. चार वर्षे हेच एक काम शिकून आलेला तरुण आणि काही दिवसांचे परिचय-प्रशिक्षण घेतलेला वैद्य यांत अपघाताच्या जागी कोण हवा, असे आपल्या घरचे माणूस पडले असता आपण स्वतःस विचारले, तर उत्तर पदवीच्या बाजूने निघणार नाही. मागणी करावयाची ती वेगळी आहे. जे पदवीधर वर्षानुवर्षे गाडीवर आहेत त्यांचा अनुभव मोजून, उरलेले विषय शिकवून, परीक्षा घेऊन त्यांना त्या नोंदणीत येण्याचा मार्ग मिळावा. पिट्सबर्गच्या माणसांना तो मिळाला नाही. आणि आंतरवासितेच्या एका वर्षात रुग्णवाहिकेवरील व अपघात विभागातील काही सक्तीचे तास असावेत, ज्यांची नोंद सहीनिशी ठेवली जाईल. आज आंतरवासितेतील हजेरीची स्थिती काय आहे हे महाविद्यालये चालविणाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

ज्यांना गाडीवर कधी जावयाचे नाही त्या चिकित्सकांचाही या विद्येशी संबंध आहे. पंचकर्म करणाऱ्या दवाखान्यात आत्ययिक प्रसंग येतच नाहीत असे कोण म्हणेल? वमनाच्या वेगात घशात अडकलेले द्रव्य, सिरावेधाचे वेळी आलेली मूर्च्छा, स्वेदनानंतर एकदम उठल्याने घसरलेला रक्तदाब, तेलकट द्रोणीवरून पडलेला वृद्ध, अतिविरेचनाने गळालेला मधुमेही. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या रुग्णास कुशीवर कसे वळवावे, हे तेथील परिचारकास येते काय, हे आपणच एकदा पाहावे. परदेशी अभ्यासक्रमांत पुनरुज्जीवनाचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवे करावे लागते, कारण हात विसरतात. आपल्या शाखांनी वर्षातून एक दिवस त्यासाठी द्यावा.

फार्मसीचालकांसाठी तर हा कायद्याचाच विषय आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यावर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेली जबाबदार व्यक्ती असणे आवश्यक होते. तैलपाकाच्या कढया, भस्मांच्या भट्ट्या, काढ्यांचे बाष्पक आणि चूर्णांची यंत्रे यांच्यामध्ये वावरणाऱ्या कामगारांना भाजणे व बोटे सापडणे हे दोन प्रसंग नवे नाहीत. भाजल्यावर आधी पाणी; शतधौत घृताचा विचार त्यानंतरचा, हे भट्टीजवळ मोठ्या अक्षरांत लावावे. गंभीर जखमी कामगाराला टेम्पोत घालून नेण्यापूर्वी १०८ ला दूरध्वनी करावा आणि गाडी येईपर्यंत दाबून रक्त थांबवावे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे, हेही आपल्या दुकानातील मदतनिसांना सांगून ठेवावे. पोलिसांच्या धाकाने मागे सरणारे हात अजून पुष्कळ आहेत.

दवाखान्यात काय असावे याविषयी पत्रे येतात, म्हणून थोडक्यात लिहितो. अंबू बॅग मोठ्या व लहान मुखवट्यांसह, ओढून काढण्याचे सक्शन यंत्र, रक्तातील साखर पाहण्याचे यंत्र, आणि जेथे इंजेक्शने दिली जातात तेथे ॲड्रेनॅलिन, त्याची प्रौढाची मात्रा व मांडीच्या बाहेरील स्नायूत देण्याची जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह. मुदत संपल्याची तारीख महिन्याच्या पहिल्या दिवशी एकाच व्यक्तीने पाहावी. प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आहे की नाही हे हातगाडी हलवून नव्हे, मापक पाहून ठरवावे. आणि त्याची किल्ली दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असावी, टेबलाच्या खणात नव्हे.